शेटजींची तसबीर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका बंद पडलेल्या गिरणीच्या कामगारांची थकलेली देणी मिळावीत म्हणून आम्ही त्या गिरणीच्या मुंबईतील कचेरीत खेटे घालीत होतो. साहेब भेटत नसत. सकाळी दहाला बाकावर बसावे आणि दुपारी दोनला उठावे, असा क्रम दीड-दोन महिने चालला. बसल्या जागी पाहण्यासारखे असे एकच होते : समोरच्या भिंतीवरील तीन तसबिरी. आजोबा, वडील आणि मुलगा. आजोबा पगडी-अंगरख्यात, वडील पगडी आणि लांब कोटात, मुलगा उघड्या डोक्याने विलायती पोशाखात. हार मात्र तिघांना होते, आणि गिरणी बंद पडून वर्षे लोटली तरी ते हार कोणी तरी बदलीत असे.

तो बदलणारा म्हणजे कचेरीतला म्हातारा शिपाई. एकदा तो आम्हांला म्हणाला, "मोठ्या शेटजींची पगडी लाल होती बरं का. फोटोत काळी आली." आम्हांला ते खरे वाटले नाही. फोटोत दिसते ती काळी कुळकुळीत पगडी लाल कशी असेल? पण संशय मनात राहिला आणि त्या एका पगडीपायी आम्ही ग्रंथालये धुंडाळू लागलो. जे हाती लागले ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहो. आम्ही काही इतिहाससंशोधक नव्हे. परंतु ज्यांच्याशी आयुष्यभर वाटाघाटी केल्या त्या वर्गाचे चेहरे वाचता यावेत, एवढी हौस आम्हांला आहे.

छायाचित्रणाची कला फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि वर्षाच्या आतच तिची यंत्रे हिंदुस्थानात विक्रीस आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः चांगले छायाचित्रकार होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ह्या विद्येचा वर्गच सुरू झाला. त्या वर्गात तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे कोटातील रँपार्ट रोवर स्वतःचा कारखाना थाटून बसले आणि त्यांची चित्रे १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेली. म्हणजे ही कला येथे केवळ साहेबांच्या हाती होती, हा समज खरा नाही. शिकलेला मुंबईकर कॅमेऱ्याच्या मागेही उभा होता. पुढे कोण बसला, हा आपला विषय.

प्रथम ते बसणे कसे असे ते पाहू. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवावयाची आणि ओली आहे तोवर, म्हणजे काही मिनिटांच्या आत, चित्र घेऊन धुऊन काढावयाची. मुंबईच्या उकाड्यात ती लवकर सुके, म्हणून काळोखी खोली कॅमेऱ्याला लागूनच लागे. दिवे कामाचे नव्हते. छपराला काचेची तावदाने बसवून त्यांतून येणाऱ्या उजेडावर सगळा कारभार. अंगरख्याची घडी न मोडता, पापणी न लववता काही सेकंद स्थिर बसावे लागे आणि मान हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा असलेला खांब उभा करीत. जुन्या तसबिरींतले शेटजी इतके करारी का दिसतात, ह्याचे निम्मे उत्तर त्या चिमट्यात आहे. जरा मान कलती करून हसणारा शेट ह्या पद्धतीत टिपला जाणेच कठीण.

आणि पगडीचे उत्तरही त्या काचेत आहे. ही ओली काच निळा प्रकाश झटकन टिपते, तांबडा मात्र तिला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निळे आकाश पांढरे येते आणि लाल वस्तू काळी. शिपाई खरे बोलत होता. त्या काळच्या छायाचित्रांत ज्या काळ्या पगड्या आपण पाहतो त्यांतल्या कितीतरी लालभडक असल्या पाहिजेत. ही गोष्ट क्षुल्लक नाही. भाटिया, कपोळ बनिया, नागर, पारशी, मेमण, प्रत्येकाचे डोके वेगळे. मांडवीच्या बाजारात शंभर पावलांवरून पगडी पाहून माणसाची जात, गाव आणि त्याबरोबर पेढीची पत यांचा अंदाज बांधीत. तोच रंग यंत्राने खाल्ला. म्हणून मग छायाचित्रावर रंग भरणारे कारागीर आले. त्यांनी पगडी पुन्हा लाल केली, अंगठीत माणिक बसविले, शालीला जर लावली. पुष्कळ ठिकाणी रंगाचा थर इतका जाड आहे, की खाली छायाचित्र आहे हे सांगावे लागते. आमच्या शिपायाने लाल पगडी पाहिली होती ती शेटजींच्या बंगल्यातील अशाच रंगविलेल्या तसबिरीत.

आता मुख्य प्रश्न. ह्या मंडळींना तसबिरीची गरज काय होती? हौस म्हणावी, तर हौसेसाठी पैसा सोडण्याबद्दल व्यापारी प्रसिद्ध नाही.

जुन्या पेढीचा व्यवहार पाहिला तर तिला चेहरा लागतच नव्हता. शेट गादीवर, पाठीशी लोड, पुढे मुनीम आणि तांबड्या बांधणीच्या वह्या. जयपूरच्या पेढीने लिहिलेली हुंडी मुंबईच्या आडत्याने वटवावयाची, तर दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेले नसले तरी अडत नसे. अक्षर ओळखीचे, नाव ओळखीचे, एवढे पुरे. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे. मुदती असेल तर मुदतीने. शहाजोग असेल तर बाजारात ज्याची अब्रू आहे अशाच्या हाती. हुंडीत दर्शन व्हावयाचे ते कागदाचे, माणसाचे नव्हे. दिवाळे वाजले तर पेढीवर भरदिवसा दिवा लावीत, असे म्हणतात. शब्दही त्यावरूनच आला असे सांगतात. तेथेही माणूस दिसत नाही, दिवा दिसतो.

हे गणित इंग्रजी अमलात बदलले. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढता येऊ लागल्या आणि ज्यांनी शेटजींचे अक्षर कधी पाहिले नाही अशांनी त्यांच्या नावावर शेअर घ्यावयाचे दिवस आले. इंग्रजी बँकेचा मॅनेजर हुंडीचे अक्षर वाचू शकत नव्हता. गव्हर्नराच्या दरबारात, जस्टिस ऑफ द पीसच्या यादीत, इस्पितळाच्या कोनशिलेपाशी नवी पत तयार होत होती, आणि ती अनोळखी लोकांत चालावयाची होती. अनोळखी माणसाला अक्षर दाखवून भागत नाही, चेहरा दाखवावा लागतो. १८५४ साली पॅरिसमध्ये एका छायाचित्रकाराने भेटीच्या कार्डाएवढ्या आकाराच्या छायाचित्राचे पेटंट घेतले. एका काचेवर अनेक प्रती निघत, त्या पुठ्ठ्यावर डकवीत, आणि मागे कारखान्याचे नाव छापीत. अशी कार्डे मुंबईतही देण्याघेण्याची झाली. आमच्या मते हे कार्ड म्हणजे नव्या पद्धतीची दर्शनी हुंडीच होय.

त्यापूर्वी ज्याला चेहरा उमटवून ठेवावयाचा त्याला तैलचित्र काढवून घ्यावे लागे, आणि ते फार थोड्यांना परवडे. चीनशी अफू व कापूस यांचा व्यापार करून अमाप धन मिळविणारे, १८५७ साली बॅरोनेट झालेले पहिले हिंदी गृहस्थ जमशेटजी जीजीभाई ह्यांचे एका चिनी मनुष्यासह काढलेले तैलचित्र प्रसिद्ध आहे. चित्र पाहणाऱ्याला संपत्ती कोठून आली हे त्यात सांगितलेले आहे. पुढच्या पिढ्यांच्या छायाचित्रांत मात्र अशी कबुली सहसा आढळत नाही. कोठे अफूची पेटी नाही, कापसाची गाठ नाही, इतकेच काय, वहीसुद्धा नाही. शेटजी गादीवरून उठून खुर्चीत आले आहेत. बाजूला मेजावर जाड इंग्रजी पुस्तके, मागे रंगविलेला पडदा, त्यावर खांब आणि कठडा. ज्याने उभ्या जन्मात मांडी घालून हिशेब केला त्याचे पाय गालिच्यावर लोंबत ठेविले आहेत आणि ते कोठे ठेवावे हे त्या पायांना कळत नाही. अशा तसबिरींत आम्ही प्रथम पाय पाहतो. चेहऱ्याची तयारी करता येते.

ह्या सगळ्यांत आम्हांला अत्यंत बोलके वाटलेले छायाचित्र डेव्हिड ससून आणि त्यांच्या तीन मुलांचे आहे. हे बगदादचे ज्यू व्यापारी १८३२ साली मुंबईस आले. १८५३ मध्ये ते ब्रिटिश प्रजाजन झाले तेव्हा इंग्रजी येत नसल्याने त्यांनी हिब्रूत सही केली. छायाचित्र १८५० नंतरच्या दशकातले. म्हातारे ससून बगदादी फेटा-झग्यात खुर्चीवर बसले आहेत. भोवती मुलगे. एलियास आणि अब्दुल्ला बापासारख्याच पोशाखात. तिसरा, ससून डेव्हिड, मात्र कोट-पाटलोणीत. वरवर पाहणाऱ्यास वाटेल, की धाकटे पोर बिघडले. तसे नाही. एलियास १८४४ सालीच चीनला जाऊन अफूचा व्यापार पाहू लागला होता. अब्दुल्ला मुंबईची गादी सांभाळणार होता. आणि कोटवाला १८५८ साली लंडनची पेढी उघडावयास गेला. चीन, मुंबई आणि लंडन, अशी धंद्याची वाटणीच त्या एका चौकटीत उभी आहे. तिघांनी कोणते कपडे घालावेत हे शिंप्याने नव्हे, पेढीने ठरविले असावे. पुढे अब्दुल्ला हे आल्बर्ट झाले, त्यांनी १८७५ साली कुलाब्याची ससून गोदी बांधली, १८९० मध्ये बॅरोनेट झाले. एलियास १८६७ मध्ये वेगळे निघाले आणि त्यांच्या शाखेने मुंबईत गिरण्या उभारल्या. लालबागची जेकब ससून गिरणी त्यांतलीच. तिचेच पुढे इंडिया युनायटेड नंबर एक असे नाव झाले. त्या गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी घरे आम्ही लहानपणी पाहिली आहेत.

पण कॅमेऱ्यासमोर बसण्याची ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा अशी, की बसणाऱ्याला कोणी विचारीत नसे. विल्यम जॉन्सन ह्यांनी मुंबईच्या निरनिराळ्या जमातींची छायाचित्रे १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यात बनिया आहेत, भाटिये आहेत, मेमण आहेत. माणसे एका जागी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून जोडलेला. पुढे १८६८ ते १८७५ पर्यंत सरकारी आश्रयाने 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात हिंदुस्थानातील माणसे जातवार, जमातवार लावलेली आहेत, वाण्याच्या दुकानातल्या बरण्यांसारखी. बहुतेकांना नाव नाही. खाली जात आणि तिचा स्वभाव. १८६९ साली सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनमध्ये होते. इंडिया ऑफिसात त्यांनी हा ग्रंथ पाहिला. तेथे एका इंग्रज तरुणाने पाने उलटता उलटता त्यांच्या मुलाला विचारले, की तुम्ही हिंदुस्थानी काय? मुलाने होय म्हटले, पण तो लाजेने लाल झाला, आणि आपले पूर्वज बाहेरून आलेले आहेत, असे त्याने घाईघाईने सांगितले. सर सय्यदांनी ही हकीकत स्वतः पत्रात लिहून ठेविली आहे.

आता लक्षात येईल, की आपल्या शेटजींना रँपार्ट रोवर जाऊन पैसे मोजून बसण्याची घाई का झाली होती. बसला नाहीत तर तुमचा 'बनिया' होतो. बसलात तर तुम्ही अमुकशेट तमुकभाई. एकाच यंत्रातून दोन्ही निघत. त्याच सुमारास, १८५८ साली, बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई ह्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या मालाचा करार लिहून घेताना त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. बोटांच्या ठशांची सगळी पोलिसी विद्या तेथून निघाली असे मानतात. कोनाईही व्यापारीच, पण लहान. मोठ्यांचा चेहरा घेतला, लहानाचा पंजा घेतला.

मग आली शेअरची लाट. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी मुंबईकडून कापूस जाऊ लागला. काही कोटी पौंडांचा जादा पैसा ह्या बेटावर कोसळला. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटविण्याच्या कंपन्या, सारे कागदावर उभे राहिले. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५० हजारांवर गेला. ह्या साऱ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद. वय अवघे तिशीच्या आसपास. बँक ऑफ बाँबेचा पैसा त्यांच्या शब्दावर कर्जाऊ जाई. १८६४ साली त्यांनी विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख असे चार लाख दिले. मनोऱ्यास आईचे, राजाबाईंचे, नाव. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ ह्या दिवशी वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणारा कोणीच नव्हता. घरेच्या घरे बसली. बँक ऑफ बाँबे बुडाली आणि १८६८ साली त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. छायाचित्रणाला हात देणारे डॉ. भाऊ दाजीही ह्या लाटेत धुपले. शहराची वस्ती १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. जे पोट भरावयास आले होते ते परत गेले. त्यांच्या तसबिरी शोधू नयेत, त्या नाहीत.

ह्या आपत्तीने नवी पत खोटी ठरविली असे वाटेल, पण उलटेच झाले. प्रेमचंद बुडाले आणि चिकाटीने पुन्हा उभे राहिले. १९०६ पर्यंत जगले. मनोरा १८७८ साली पुरा झाला आणि आजही उभा आहे. त्यांच्या छापून आलेल्या चित्रांत पगडी कायम आहे. बुडीत खात्यांची वही कोणी पाहात नाही, तसबीर सारे पाहतात. हे व्यापाऱ्यांना चांगले कळले. लाटेनंतर उरलेला पैसा गिरण्यांत गेला. मोरारजी गोकुळदास यांनी मुंबईत आणि सोलापुरात गिरण्या काढल्या, टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि प्रत्येक गिरणीच्या कचेरीत संस्थापकाची तसबीर लागण्याचा रिवाज पडला.

१८९६ साली संस्थानिकांचे नामांकित छायाचित्रकार लाला दीनदयाळ ह्यांनी मुंबईत आपला भव्य कारखाना उघडला. ओल्या काचा जाऊन कोरड्या आल्या होत्या, चिमट्याची गरज उरली नव्हती आणि व्यापारी कुटुंबे मुलाबाळांसह येऊन बसू लागली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला. पुढल्या साली प्लेगच्या बंदोबस्ताची छायाचित्रे निघाली : इस्पितळातील खाटा, घरे धुणारे, छावण्या. मुंबईचे कष्टकरी कॅमेऱ्यासमोर आले ते असे, कोणाचा नाडीवर हात असताना, कोणाचे घर उकरले जात असताना. त्यांना नावे नाहीत.

कामगाराची तसबीर का नाही, ह्याचे उत्तर त्याच्यापाशी पैसा नव्हता असे देतात. ते खरे, पण पुरे नाही. कार्ड पुढे बरेच स्वस्त झाले होते. आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या १८८४ च्या अर्जातील मागण्या पुन्हा वाचल्या तेव्हा दुसरे उत्तर सापडले. त्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा : आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे, पगार पंधरा तारखेच्या आत, अपघातात जखमी झाला तर पगार. साडेसहा ते सूर्यास्त, ही मागणी होती. चालू वहिवाट त्याहून वाईट. आता हे फोटोच्या कारखान्यापुढे ठेवून पाहा. तो चालतो सूर्यप्रकाशावर. गिरणीही चालते सूर्यप्रकाशावर. दिवसाचा सगळा उजेड मालकाने विकत घेतलेला. कामगार बाहेर पडे तेव्हा छायाचित्रकार तावदानावर पडदा ओढून घरी गेलेला असे. पैसा गाठीला असता तरी तो कोणत्या उजेडात बसणार होता? रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली ती जून १८९० मध्ये.

ती देणी अखेर मिळाली, पुरी नाहीत. कचेरीची जागा विकली गेली तेव्हा तसबिरी कोणी नेल्या ह्याची आम्ही चौकशी केली. शिपाई म्हणाला, मोठ्या शेटजींची काच फुटली होती म्हणून ती त्यानेच घरी नेली.

आमच्या घरी एकच जुनी तसबीर आहे. आजोबा लालबागेत गिरणीत होते. १९३० नंतर केव्हातरी एका रविवारी ते परळच्या लहानशा फोटोवाल्याकडे गेले आणि एक प्रत गावी आमच्या पणजीला पाठविली. ते उभे आहेत. एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागे पडद्यावर रंगविलेला खांब आणि कठडा. अंगात काळा कोट आहे आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. कोट दुकानाचा होता, हे आजी प्रत्येक वेळी सांगे.